ॲक्शनपटाचा दुसरा भाग लिहिताना: पहिल्या विजयाची किंमत कोणी मोजली?

पहिल्या भागात नायक जिंकला. दुसरा भाग लिहायला बसलेल्या लेखकाने सगळ्यात आधी एवढंच विचारायचं असतं: त्या विजयाची किंमत कोणी मोजली?

बहुतेक बैठकांमध्ये हा प्रश्न येतच नाही. मागच्या वेळी एक इमारत उडवली होती, आता तीन उडवू. मागे मोटारींचा पाठलाग होता, आता ट्रेन घेऊ. खलनायक एकटा होता, आता त्याचा भाऊ आणि त्या भावाची फौज. भव्यतेत गैर काही नाही, प्रेक्षक तिच्यासाठी तिकीट काढतोच. पण दुप्पट स्फोटाने दुप्पट काळजी वाटत नाही. काळजी वाटते ती नायकाला आपण आधीपासून ओळखतो म्हणून. ही ओळख दुसऱ्या भागाला फुकट मिळालेली असते, आणि बरेच सीक्वेल ती न वापरताच संपतात.

हा लेख पटकथा लिहिणाऱ्यांसाठी आहे. मोठा चित्रपट असो, वेब मालिकेचा दुसरा सीझन असो की मित्रांनी मिळून केलेल्या लघुपटाचा पुढचा भाग, काम तेच आहे. खरे चित्रपट जिथे तंत्र समजायला मदत करतात तिथे त्यांची नावं घेतली आहेत. शिवाय एक काल्पनिक कथा सुरुवातीपासून शेवटपर्यंत सोबत ठेवली आहे, म्हणजे प्रत्येक पायरी कागदावर कशी उतरते ते दिसेल.

ती कथा अशी. रेवा अंगरक्षक आहे. पहिल्या भागात तिच्यावर नऊ वर्षांच्या इराला वाचवण्याची जबाबदारी होती. क्लायमॅक्सला हल्लेखोर मागे लागलेले असताना रेवाने इराला एका जाड पोलादी दारापलीकडे नेलं आणि दार बंद केलं. तिचा सहकारी दानिश आतच राहिला. दारातल्या छोट्या काचेवर त्याने दोनदा हात आपटला, मग धूर झाला. इरा वाचली आणि चित्रपट संपला.

पहिली पायरी: पहिला भाग वहीत उतरवा

पहिला भाग पुन्हा बघा, पण या वेळी मजा घेण्यासाठी नाही. वही घ्या आणि फक्त शिल्लक राहिलेल्या गोष्टी टिपा. कोण मेलं आणि त्याच्यासाठी कोण रडलं नाही. नायकाने कोणाला वचन दिलं आणि ते पाळल्याचं आपल्याला दिसलं का. कोणता नियम त्याने मोडला आणि गडबडीत सगळे विसरून गेले. शरीरावर कुठे जखम झाली. शेवटच्या दृश्यात कोण असायला हवं होतं आणि नव्हतं.

शेवटची दहा मिनिटं तर शॉटगणिक बघा. माझं ठाम मत आहे की दुसऱ्या भागाचं सगळ्यात चांगलं बी पहिल्या भागातल्या टाळ्यांच्या प्रसंगात असतं. टाळ्या वाजतात तेव्हा प्रेक्षक आणि लेखक दोघेही एका गोष्टीकडे डोळेझाक करत असतात. रेवाने दार बंद केलं तेव्हा सगळ्यांनी इराकडे पाहिलं. दुसऱ्या भागाच्या लेखकाने काचेपलीकडे पाहायचं.

खलनायकाच्या बाजूचाही हिशेब मांडा. त्याच्या हाताखालची माणसं, त्यांची घरं, पाठलागात चिरडलेल्या गाड्यांचे मालक, सगळं लिहा. यातलं नव्वद टक्के वापरलं जाणार नाही, तरी चालेल.

दुसरी पायरी: एकच कर्ज निवडा

वहीत पंधरा गोष्टी जमल्या की मोह होतो तो सगळ्या वापरण्याचा. तसं केलं की दर वीस मिनिटांनी एक रडका प्रसंग येतो आणि कोणताच लागत नाही. एकच निवडा. निवडताना हे कर्ज पुरतं फिटण्यासारखं आहे का ते बघा. जे कधीच पुरतं फिटणार नाही ते घ्या. हरवलेले पैसे परत मिळतात, त्यामुळे ती कथा मध्यंतरालाच संपते. मेलेला मित्र परत येत नाही, त्यामुळे नायकाला त्याच्या जागी दुसरं काहीतरी द्यावं लागतं, आणि ते काय हे शोधण्यातच चित्रपट उभा राहतो.

‘टॉप गन’ 1986 सालचा. त्यात मॅव्हरिकचा जोडीदार गूस मरतो. 36 वर्षांनी, 2022 मध्ये ‘टॉप गन: मॅव्हरिक’ आला तेव्हा लेखकांनी तेच एक कर्ज उचललं. गूसचा मुलगा रूस्टर आता स्वतः वैमानिक आहे आणि मॅव्हरिकवर चिडलेला आहे, कारण मॅव्हरिकने त्याचा नौदल अकादमीचा अर्ज मागे काढून त्याची काही वर्षं वाया घालवली. हे मॅव्हरिकने केलं ते रूस्टरच्या आईच्या इच्छेखातर, आणि तो हे मुलाला सांगत नाही. मुलाचा राग मेलेल्या आईवर जाण्यापेक्षा आपल्यावर राहिलेला बरा, असं त्याला वाटतं. इथे जुन्या अपराधावर नवा अपराध चढला आहे आणि नव्यामागे प्रेम आहे. आता हा माणूस त्या मुलाला जीवघेण्या मोहिमेवर पाठवेल का? विमानं उडायच्या आधीच प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर येतो.

तुमचं कर्ज एका वाक्यात लिहा आणि ते वाक्य टेबलासमोर चिकटवा. आपल्या कथेत ते असं होईल: “रेवाने दार बंद केलं, आणि दानिश तेव्हा काय म्हणत होता हे तिला आजही माहीत नाही.” त्याचा दुसरा अर्धा भाग महत्त्वाचा आहे. नुसता मृत्यू घेतला असता तर शोक मिळाला असता. न समजलेली खूण घेतल्यामुळे प्रश्न मिळाला, आणि प्रश्न दोन तास टिकतो. ‘बाहुबली’चा पहिला भाग 2015 मध्ये आला आणि कटप्पाने बाहुबलीला का मारलं या प्रश्नावर थांबला. दुसरा 2017 मध्ये आला. दोन वर्षं लोकांना छळत होतं ते ‘का’. खुनी कोण ते तर त्यांना ठाऊकच होतं.

तिसरी पायरी: मधला काळ भरा

दोन भागांच्या मध्ये किती काळ गेला आणि त्यात काय झालं, हे दोन पानांत लिहून काढा. ही पानं पडद्यावर येणार नाहीत. पण नायक पहिल्यांदा दिसतो तेव्हा तो कसा उभा आहे, हे त्यातून ठरतं.

‘एलियन्स’ (1986) हे याचं उत्तम उदाहरण आहे. पहिल्या चित्रपटातून वाचलेली रिप्ली 57 वर्षं गोठलेल्या झोपेत अवकाशात भरकटत राहिलेली असते. तिने मुलीला अकराव्या वाढदिवसाला घरी येण्याचं वचन दिलेलं होतं. जागी झाल्यावर तिला कळतं की ती मुलगी म्हातारी होऊन 66 व्या वर्षी वारली. हा प्रसंग थिएटरमध्ये दाखवलेल्या आवृत्तीतून कापला होता, पुढे विशेष आवृत्तीत परत घातला. पुढे न्यूट नावाच्या लहान मुलीला वाचवण्यासाठी रिप्ली एकटी परत आत जाते, तेव्हा कापलेल्या आवृत्तीतही हा सुटकेचा प्रसंग मनाला लागतो. अभिनेत्री आणि लेखकाला मधली 57 वर्षं माहीत होती म्हणून तो लागतो. परत घातलेल्या आवृत्तीत तो जास्त खोल जातो, कारण न पाळलेलं वचन आपण ऐकलेलं असतं.

काळ थोडाही असू शकतो. पहिला भाग संपल्यानंतर तासाभरात दुसरा सुरू झाला तर शोक ताजा असतो आणि नायक चुका करतो. वीस वर्षांनी सुरू झाला तर शोकाची सवय होऊन गेलेली असते आणि नायक त्याभोवती आयुष्य रचून बसलेला असतो. दोन्ही चालतात, पण त्या दोन वेगळ्या कथा आहेत हे विसरू नका.

रेवाच्या बाबतीत दहा वर्षं घेऊ. इरा आता एकोणीस वर्षांची आहे. रेवाने अंगरक्षकाचं काम सोडलं आहे आणि ती नव्या मुलांना प्रशिक्षण देते. तिच्या घरातल्या एकाही खोलीचं दार पूर्ण बंद होत नाही. हे कुणी बोलून दाखवत नाही. कॅमेरा एकदा घरातून फिरतो, तेवढ्यात दिसतं.

चौथी पायरी: शिकलेला नायक पुन्हा अडाणी करू नका

हा सीक्वेलमधला सगळ्यात मोठा रोग आहे. पहिल्या भागात नायक दोन तास खर्चून एक गोष्ट शिकतो: विश्वास ठेवायला, बायकोशी बोलायला, एकटं न लढायला. दुसऱ्या भागाच्या पहिल्या दृश्यात तो परत तसाच तुसडा, तसाच एकटा. प्रेक्षकाला हे शब्दांत सांगता येत नाही, पण फसवल्यासारखं वाटतं. आपण त्याच्याबरोबर केलेला प्रवास कुणीतरी पुसून टाकला.

उपाय सोपा आहे. तो शिकला ते कायम ठेवा आणि त्या शिकण्याची परीक्षा घ्या. विश्वास ठेवायला शिकला असेल तर त्याच विश्वासामुळे या वेळी कुणाला तरी इजा होऊ द्या. मग तो काय करेल? जुन्या स्वभावाकडे पळेल की शिकलेलं धरून ठेवेल? त्या क्षणी प्रेक्षकाला पहिला भागही नव्याने दिसतो.

2004 सालच्या ‘स्पायडर-मॅन 2’मध्ये पीटर पार्कर जबाबदारी शिकून चुकलेला आहे, तीच त्याला पिळून काढते आहे. नोकरी टिकत नाही, अभ्यास मागे पडतो, प्रिय माणसं दुरावतात. एका टप्प्यावर तो वेशच टाकून देतो. पहिल्या भागाचा धडा खोटा ठरवलेला नाही, त्याची किंमत मात्र शेवटच्या पैशापर्यंत वसूल केली आहे.

पाचवी पायरी: नायकाची दंतकथा मान्य नसलेलं माणूस आणा

दुसऱ्या भागात नायक प्रसिद्ध असतो, निदान प्रेक्षकांत तरी. सगळे त्याच्याकडे आदराने बघतात आणि त्यामुळे तो पुतळा होतो. त्याला परत माणूस करायचं तर त्या घटनेकडे वेगळ्या जागेवरून पाहणारं एक पात्र हवं. ते शत्रू असण्याची गरज नाही. किंबहुना ते आपल्याला पटणारं असेल तर जास्त बोचतं.

रेवासमोर मी दोन माणसं आणेन. एक इरा, जिला कळतं आहे की आपल्यासाठी एक माणूस मेला, आणि या ओझ्याचं काय करायचं हे तिला कुणी शिकवलेलं नाही. दुसरी दानिशची बहीण, चौकशी अधिकारी. ती ओरडत नाही, सूड घेत नाही. ती फक्त वेळेचा तक्ता घेऊन बसते आणि विचारते: दार बंद करायला तुम्ही तीन सेकंद घेतले, दहा घेता आले असते का? रेवाकडे उत्तर नाही. लेखकाकडेही नसलेलं बरं. लेखकाकडे तयार उत्तर असलं की संवाद वकिली थाटाचे होतात.

नवं पात्र लहान मूल असेल तर एक सावधगिरी बाळगा. मूल गोड आहे एवढ्यावर भावना उभी राहत नाही. त्याला स्वतःचं डोकं आणि स्वतःची इच्छा द्या. ‘टर्मिनेटर 2’मधला जॉन यंत्रमानवाला माणसं मारायची नाहीत असा हुकूम देतो आणि तो पाळायला लावतो. मुलाच्या त्या हट्टामुळे पुढचं प्रत्येक ॲक्शन दृश्य बदलतं, कारण आता समोरच्याला न मारता थोपवायचं आहे. पात्राच्या इच्छेने स्टंटचा आराखडा बदलला पाहिजे. तसं होत नसेल तर ते पात्र अजून कथेत शिरलेलं नाही.

सहावी पायरी: भावना मारामारीच्या आत लिहा

इथे थोडं जास्त थांबू, कारण बहुतेक पटकथा इथेच हरतात. सर्वसाधारण रचना अशी असते: मारामारी, मग भावनिक प्रसंग, मग मारामारी. लेखक दोन वेगळे डबे भरतो. प्रेक्षकालाही ते कळतं आणि भावनिक डबा उघडला की तो फोन बघायला लागतो. खोली आणायची तर मारामारीतच असा निर्णय हवा जो फक्त याच माणसाने, याच भूतकाळामुळे घेतला असता.

रेवाचा मध्यंतराआधीचा प्रसंग दोन प्रकारे लिहून बघू. पहिला मसुदा:

“लांब बोळ. रेवा तीन हल्लेखोरांना लोळवते, इराला ओढत दारापाशी आणते, दार लावते. मागे गोळ्यांचा वर्षाव.”

चित्रित झाल्यावर हे छान दिसेल, पण रेवाच्या जागी दुसरी कुणीही चालली असती. आता दुसरा मसुदा:

“लांब बोळ. टोकाला आगीपासून बचावाचं दार. रेवा आणि इरा दारात पोचतात. वीस पावलं मागे त्यांचा ड्रायव्हर, लंगडत. त्याच्या मागे हल्लेखोर. रेवाचा हात दाराच्या दांडीवर. ती दार लावत नाही. इरा तिच्याकडे बघते. ड्रायव्हर येतोय. रेवा थांबलेली. ड्रायव्हर आत येतो, त्याच क्षणी गोळी आत येते. इराच्या दंडातून रक्त. दार बंद. जिन्यात ड्रायव्हर हात जोडतो. इरा काहीच बोलत नाही.”

बोळ तोच, माणसं जवळजवळ तेवढीच, खर्चही तोच. पण आता रेवाने निर्णय घेतला, तो भूतकाळातून आला, आणि त्याची शिक्षा वेगळ्याच माणसाला झाली. पुढच्या तीन दृश्यांना यातून इंधन मिळतं: इराचा विश्वास हलला, ड्रायव्हर उपकाराखाली दबला, आणि रेवाला कळलं की दार उघडं ठेवण्याचीही किंमत असते. “मला दानिश आठवला” असं वाक्य तिच्या तोंडी घालायची गरज उरत नाही. घातलंत तर सगळं मोडेल.

अशी दृश्यं लिहिताना काही गोष्टी हाताशी ठेवा. निर्णयाचा क्षण वेगळ्या ओळीवर लिहा, म्हणजे दिग्दर्शकाला तिथे क्लोजअप घ्यायचा आहे हे न सांगता समजतं. ठोशांची यादी लिहू नका, ते काम फाइट मास्टरचं आहे. त्याला मात्र पात्राची मनःस्थिती नीट सांगा. पहिल्या भागातली रेवा नेमकी आणि झटपट लढायची. आता ती लढताना कधीच दाराकडे पाठ करत नाही, त्यामुळे तिच्या हालचाली किंचित वाकड्या होतात आणि तिला मार बसतो. चांगला फाइट मास्टर अशा एका सूचनेतून संपूर्ण शैली बसवतो. शरीराचं वयही विसरू नका. ‘लोगन’ (2017) मध्ये ज्या नायकाच्या जखमा एके काळी क्षणात भरायच्या, त्याच्या आता भरत नाहीत. प्रत्येक मारामारीनंतर तो थोडा कमी होतो. हे कुणी समजावून सांगावं लागत नाही.

‘टर्मिनेटर 2’मध्ये जॉनची आई सारा कॉनर एका शास्त्रज्ञाला मारायला एकटी जाते, कारण त्याच्या संशोधनातून पुढे विनाश येणार आहे. ती त्याला जखमी करते, त्याच्या घरात शिरते, बायको आणि मुलासमोर त्याच्यावर बंदूक रोखते, आणि तिला चाप ओढता येत नाही. ती कोसळते. पहिल्या भागात तिच्या मागे लागलेलं यंत्र भविष्यातल्या गोष्टीसाठी आज माणसं मारत होतं. आता तेच ती करायला निघाली होती. पाठलाग, गोळ्या, फुटलेल्या काचा सगळं त्या प्रसंगात आहे, पण आपल्याला लक्षात राहतो तो तिचा थरथरणारा हात.

सातवी पायरी: खलनायकाचा रोख जखमेवर हवा

हे थोडक्यात. खलनायकाची योजना कितीही गुंतागुंतीची असो, तिचा एक तरी टप्पा नायकाच्या निवडलेल्या कर्जावर पाय देणारा असावा. ‘द डार्क नाइट’ (2008) मधला जोकर नायकाला दोन माणसांपैकी एकाला वाचवायला लावतो आणि पत्ते उलटे सांगतो. शक्तीने नायक हरला नसता. त्याच्या प्रेमाचा पत्ता चुकीचा दिला म्हणून तो हरतो. तुमचा खलनायक शहर उडवणार असेल तर उडवू द्या, पण त्याआधी त्याने नायकाला एक अशी निवड द्यावी जी तो पूर्वी चुकला होता, किंवा चुकला असं त्याला वाटतं.

आठवी पायरी: शांत प्रसंगाला काम द्या

मारामारीनंतर श्वास घ्यायची जागा हवीच. पण पात्रं समोरासमोर बसून मन मोकळं करत असतील तर तो प्रसंग लटकतो. त्यांच्या हातात काम द्या: जखम शिवणं, बंदूक साफ करणं, चोरलेल्या गाडीची नंबरप्लेट बदलणं. काम अडकतं, हात थांबतो, तेव्हा प्रेक्षक समजतो. रेवा इराच्या दंडाची पट्टी बदलते आहे. इरा विचारते, “दुखतंय तेवढंच सांगू, की सगळं सांगू?” रेवा पट्टी घट्ट करते. प्रसंग इथे कापा.

शांत प्रसंगाची जागाही महत्त्वाची आहे. तो साधारणपणे क्लायमॅक्सच्या आधी ठेवतात. 2004 सालच्या ‘द बॉर्न सुप्रीमसी’ने उलटं केलं. मॉस्कोतला प्रचंड गाडीपाठलाग संपतो, आणि त्यानंतर जखमी नायक बॉर्न एका तरुणीच्या घरी जाऊन सांगतो की तुझ्या आईवडिलांना मी मारलं होतं. तिला मात्र वेगळंच सांगितलेलं असतं, की आईने वडिलांना मारून स्वतःला संपवलं. बॉर्न माफी मागतो आणि निघून जातो. पाठलाग कितीही थरारक असला तरी चित्रपटाचं खरं टोक ते छोटं, जवळजवळ निःशब्द घर आहे. आपला नायक सगळ्यात अवघड गोष्ट कुठे करतो हे ठरवा. ती गाडी चालवणं असेल तर ठीक, पण बहुतेक वेळा ती कुणाच्या तरी दारात उभं राहणं असते.

नववी पायरी: मरण स्वस्त करू नका

नायकाला पेटवायचं म्हणून बायको, प्रेयसी किंवा मित्र पहिल्या पंधरा मिनिटांत मारणं ही इतकी मळलेली वाट आहे की प्रेक्षक ते पात्र हसताना दिसलं तरी ओळखतो. मारायचंच असेल तर तीन गोष्टी करा. मरणाऱ्या माणसाला नायकाशी संबंध नसलेली एक इच्छा द्या. मरताना त्याचा स्वतःचा एक निर्णय असू द्या. आणि मरणानंतर त्याचं म्हणणं कथेत जिवंत ठेवा. ‘द बॉर्न सुप्रीमसी’मध्येही बॉर्नची प्रेयसी मारी लवकर मरते, तरी ते खटकत नाही. पुढे जबाबदार माणूस समोर सापडल्यावर बॉर्न त्याला मारत नाही, कारण मारीला ते आवडलं नसतं. ती मेल्यावरही कथेची दिशा ठरवते.

पहिल्या भागात प्रेक्षकांनी जीव लावलेली पात्रं दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच पडद्याबाहेर मारून टाकणं तर मला अन्यायच वाटतो. ज्यांच्यासाठी आपण धडधडत बसलो होतो त्यांना एका ओळीत निकालात काढलं, की तो विजयही मागे जाऊन निरर्थक होतो.

दहावी पायरी: जुनी खूण परत आणा, पण अर्थ बदलून

जुना संवाद, जुनं जाकीट, जुनी धून ऐकू आली की टाळ्या पडतात. त्या टाळ्या आठवणीच्या असतात, चित्रपटाच्या नव्हेत. खूण परत आणली की तिचा अर्थ पुढे सरकला पाहिजे. 1984 च्या ‘टर्मिनेटर’मध्ये काइल रीस साराला ‘जगायचं असेल तर माझ्यासोबत चल’ अशा अर्थाचं वाक्य म्हणतो. दुसऱ्या भागात तेच वाक्य तिला म्हणतो तो त्या मारेकऱ्याचा चेहरा असलेला यंत्रमानव. तो लिफ्टमधून बाहेर येताना बघून तिचे पाय गळालेले असतात. शब्द तेच, बोलणारा उलटा, आणि तिला क्षणात ठरवायचं आहे की या चेहऱ्यावर विश्वास ठेवायचा का.

रेवाच्या कथेत ही खूण म्हणजे काचेवर दोनदा आपटलेला हात. दहा वर्षं रेवाने त्याचा अर्थ ‘उघड’ असा लावला. क्लायमॅक्सला परत पोलादी दार आहे. इरा बाहेर आहे, रेवा आत, हल्लेखोर येत आहेत. रेवाने केलं तेच इरा करते: दांडी धरून थांबून राहते. आणि आतून रेवा काचेवर दोनदा हात आपटते. जा, असं ती सांगते आहे. त्याच क्षणी तिला कळतं, आणि आपल्यालाही, की दानिश काय म्हणत होता. इथे संवाद नको, फ्लॅशबॅकही नको. पहिल्या भागातला तो शॉट ज्याने पाहिला आहे त्याच्या डोळ्यांसमोर तो येतोच. रेवा वाचते की नाही हे तुम्ही ठरवा. माझ्या मते ती वाचावी, कारण हे कळल्यानंतर दानिशच्या बहिणीसमोर परत बसणं तिला बाकी आहे.

अकरावी पायरी: मसुद्याची आणि एडिटची तपासणी

पहिला मसुदा झाला की सगळे संवाद झाकून फक्त कृतीच्या ओळी वाचा. कोण कोणासाठी काय सोडतंय हे कळत नसेल तर भावना तुम्ही फक्त बोलण्यात ठेवली आहे. मग प्रत्येक ॲक्शन दृश्यासमोर लिहा: हे दृश्य पहिल्या भागात घातलं असतं तर काय बदललं असतं? ‘काहीच नाही’ असं उत्तर आलं तर ते दृश्य परत लिहा किंवा काढा. कितीही महागडं असलं तरी काढा.

एडिट टेबलावर लांबी कमी करायची वेळ आली की पहिला घाव शांत प्रसंगांवर पडतो, कारण त्यात ‘काही घडत नाही’ असं वाटतं. कापण्याआधी निदान एकदा तो प्रसंग तसाच ठेवून त्यानंतरची मारामारी अर्धा मिनिट छोटी करून बघा. बऱ्याचदा चित्रपट जास्त वेगवान वाटायला लागतो, कारण काळजी वाटत असली की वेळ भरभर जातो. पार्श्वसंगीताबाबतही घाई नको. निर्णयाच्या क्षणी व्हायोलिन आधीच रडायला लागलं तर प्रेक्षकाला काही करायला उरत नाही. तो क्षण आधी नुसत्या श्वासांवर आणि बोळातल्या आवाजांवर लावून बघा, संगीत हवं असेल तर नंतरच्या शॉटवर येऊ द्या.

शेवटी पटकथा अशा माणसाला वाचायला द्या ज्याने पहिला भाग पाहिलेला नाही. कथा आवडली का, हे विचारू नका. एवढंच विचारा: नायक कोणाचं देणं लागतो? त्याला सांगता आलं नाही तर पहिली वीस पानं उघडा आणि शोधा की ते कुठे दिसायला हवं होतं. सांगता आलं, तर पुढे विचारा की ते कोणत्या पानावर कळलं. पान चाळिसाव्याच्या पुढचं असेल तर उशीर झाला आहे. त्या पानावरची कृती, संवाद नव्हे, उचलून सुरुवातीच्या दहा पानांत आणा आणि दुसऱ्या, पहिला भाग न पाहिलेल्या माणसाकडे पाठवा.